ग्रामपंचायतीच्या उमेदवारांची ओळख गावाला कशी करून द्यावी

ग्रामपंचायत निवडणुकीत उमेदवारांची वेगळी ओळख करून देण्याची गरजच काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत हमखास विचारला जातो. ज्या गावात प्रत्येकाची तीन पिढ्यांची माहिती सगळ्यांना तोंडपाठ असते, तिथे नवी ओळख ती कोणती करून द्यायची, असे विचारणाऱ्याचे म्हणणे असते. पण गावातली ही ओळख नात्याची, भावकीची आणि बांधाला बांध लागून असल्याची असते. उमेदवार कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणत्या पॅनेलमधून उभा, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्याला ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचता येते का, नळयोजनेच्या वीजबिलाची थकबाकी किती आहे याची त्याला कल्पना आहे का, समोर आलेला ठराव वाचल्याशिवाय तो सही करतो की वाचून करतो, हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या अधिकृत चिन्हांवर लढवली जात नाही, त्यामुळे पक्षाकडे पाहून उमेदवाराचा अंदाज बांधण्याची सोयही मतदाराला नसते. म्हणून ज्या पदासाठी तो उभा आहे, त्या पदाच्या कामाच्या अंगाने त्याची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी एक छापील परिचयपत्रक आणि एक परिचयसभा एवढे पुरेसे आहे. आमच्या गावात आम्ही दोन निवडणुकांमध्ये हे काम केले, त्या अनुभवातून पुढील पद्धत लिहिली आहे.

हे काम कोणी करावे, हे आधी नक्की करावे. गावातील वाचनालय, बचतगटांचा ग्रामसंघ, तरुण मंडळ यांपैकी कोणीही पुढाकार घेऊ शकते, परंतु काम करणाऱ्यांपैकी एकही जण उमेदवार, उमेदवाराच्या घरातला किंवा पॅनेलचा कार्यकर्ता नसावा. लहान गावात हे अवघड वाटते आणि ते अवघड असतेच. आमच्या पाच जणांपैकी एकाच्या भावजयीने अर्ज भरला, त्या दिवशी त्याने स्वतःहून सगळे कागद दुसऱ्याच्या हाती दिले. त्या एका गोष्टीमुळे पुढचे पंधरा दिवस आमच्यावर कोणी बोट ठेवले नाही. गावाचा विश्वास बसणार असेल तर तो अशाच गोष्टींमुळे बसतो. शिवाय एका उमेदवाराचे गुणगान करणारे पत्रक हे प्रचारसाहित्यच असते आणि त्याचा खर्च त्या उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. पत्रकाचा खर्च वर्गणीतून करावा, उमेदवाराकडून किंवा त्याच्या माणसाकडून एक रुपयाही घेऊ नये आणि जमाखर्चाचा कागद मागेल त्याला दाखवावा. काम सुरू करण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन आपण काय करणार आहोत हे कळवावे आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.

वेळेचे गणित

या कामात सर्वांत मोठी अडचण वेळेची असते. नामनिर्देशनपत्रे भरणे, छाननी, माघार आणि चिन्हवाटप हे टप्पे झाल्यावरच रिंगणात खरोखर कोण उरले ते कळते, आणि तिथून मतदानापर्यंतचे दिवस फार थोडे असतात. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातील १४ हजार २३४ ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम लागला, तेव्हा माघारीची मुदत ४ जानेवारीला संपली आणि मतदान १५ जानेवारीला झाले. एवढ्या अवधीत प्रश्न तयार करणे, उमेदवारांना गाठणे, मजकूर तपासणे, छापणे आणि वाटणे हे सगळे बसवायचे असेल, तर प्रश्नावली, पत्रकाचा आराखडा, छापखान्याशी बोलणे आणि सभेची जागा या गोष्टी कार्यक्रम जाहीर होण्याच्या आधीच उरकून ठेवाव्या लागतात. माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीची कागदपत्रे मागवायची असतील तर आणखी आधी हालचाल करावी, कारण उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे आणि निवडणूक लागल्यावर केलेल्या अर्जाचे उत्तर बहुधा निकालानंतरच हाती येते.

पत्रकाच्या पहिल्या पानावर उमेदवार नकोत. तिथे मतदाराला आपण नेमके कोणाकोणाला मत देणार आहोत हे समजावून सांगावे. ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य असतात, गावाचे प्रभाग पाडलेले असतात आणि आपल्या प्रभागात जितक्या जागा तितकी मते मतदाराला द्यायची असतात. सरपंचपदाचे मत त्याहून वेगळे असते. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत महाराष्ट्रात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. या उलटसुलट बदलांमुळे वयस्कर मतदारांच्या मनात अजूनही गोंधळ असतो, आणि सदस्याचे एक बटण दाबून मतदान संपले असे समजणारे लोक आम्ही स्वतः पाहिले आहेत. आपल्या प्रभागात किती जागा आहेत, त्यांपैकी कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी आणि कोणती महिलेसाठी राखीव आहे, हे मोठ्या अक्षरांत छापावे. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याखाली येणाऱ्या, गावात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते, तेही तिथे नमूद करावे.

कागदावरून काय घ्यावे

प्रत्येक उमेदवार नामनिर्देशनपत्राबरोबर एक घोषणापत्र देतो. त्यात शिक्षण, मालमत्ता, कर्ज व इतर देणी आणि फौजदारी प्रकरणे यांची माहिती असते, आणि मतदारांनी ती वाचावी एवढ्यासाठीच ती मागितलेली असते. पत्रकातील वैयक्तिक माहितीचा आधार हाच कागद असावा, गावातली कुजबुज नसावी. माहिती देताना ‘घोषणापत्रानुसार’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी लिहावा. फौजदारी प्रकरणाच्या बाबतीत विशेष जपावे लागते. प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे की शिक्षा झाली आहे हा फरक स्पष्ट लिहावा, आणि कोणत्या स्वरूपाचा गुन्हा आहे तेही घोषणापत्रातील शब्दांतच द्यावे. पाण्यासाठी केलेल्या रास्ता रोकोत दाखल झालेला गुन्हा आणि मारहाणीचा गुन्हा यांना ‘एक गुन्हा’ अशा एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

पात्रतेच्या अटी वाचकांना माहीत असाव्यात, म्हणून त्या थोडक्यात द्याव्यात. उमेदवाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झालेली नसावी लागते, आणि थेट सरपंचपदाचा उमेदवार १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तर तो किमान सातवी उत्तीर्ण असावा लागतो. परंतु या अटींवरून कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवण्याचे काम छाननीत निवडणूक निर्णय अधिकारी करतात. पत्रक काढणाऱ्यांनी त्यात पडू नये. मुलांची नावे, घरातील आजारपण, सोयरीक, सोडचिठ्ठी यांतले काहीही पत्रकात येता कामा नये. राखीव जागेचा प्रवर्ग सोडून जातीचा उल्लेखही करू नये.

प्रश्न कोणते विचारावेत

परिचयपत्रकाचा जीव प्रश्नांत असतो. ‘आपण गावासाठी काय करणार?’ असे विचारले की ‘सर्वांगीण विकास’ हे उत्तर येते आणि सगळे उमेदवार एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. पहिल्या निवडणुकीत आम्ही नेमकी हीच चूक केली. अकरा जणांची उत्तरे समोर ठेवली तेव्हा नावे झाकली तर कोणते कोणाचे हे आम्हालाच ओळखता येईना. दुसऱ्या वेळी आम्ही प्रश्न गावातल्या ठिकाणांवर आणून ठेवले. उन्हाळ्यात वरच्या आळीला पाणी चार दिवसांनी येते, ते का आणि त्यावर तुमचा उपाय काय? शाळेमागच्या उघड्या गटाराचे काम कोणत्या निधीतून होऊ शकते? घरपट्टीची वसुली रखडली आहे, ती तुम्ही कशी कराल आणि स्वतःच्या घराची पट्टी भरली आहे का? अशा प्रश्नाला ‘विकास’ हे उत्तर देता येत नाही. ज्याने विचार केलेला असतो तो दोन ओळींत मुद्द्यावर येतो आणि ज्याने केलेला नसतो त्याचे ते पानभर लिहूनही लपत नाही.

सरपंच आणि सदस्य यांना वेगळे प्रश्न असावेत, कारण त्यांची कामे वेगळी आहेत. सरपंच मासिक सभेचा आणि ग्रामसभेचा अध्यक्ष असतो, आणि ग्रामपंचायतीचे पैसे त्याच्या व ग्रामसेवकाच्या, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीने खर्च होतात. त्यामुळे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, त्यांना लोक यावेत म्हणून आपण काय कराल, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते तेव्हा काय कराल, हे त्याला विचारावे. सदस्याला त्याच्या प्रभागाबद्दल विचारावेच, पण मासिक सभेत खर्चाला मंजुरी देणारा तोही असतो, म्हणून पैशाबद्दलही विचारावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत बंधित आणि अबंधित असे दोन भाग होते आणि बंधित निधी पाणी व स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. तो गावात कशावर खर्च झाला हे उमेदवाराला सांगता येते का, यावरून त्याने गेल्या पाच वर्षांत ग्रामपंचायतीकडे किती लक्ष दिले ते कळते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हा खर्च दरवर्षी होतो का, हा प्रश्न विचारला की बहुतेक उमेदवार थोडे थबकतात, आणि ज्यांच्यासाठी ही तरतूद आहे ते लोक मात्र सभेत कान देऊन ऐकतात.

प्रश्न सहापेक्षा जास्त नसावेत. प्रत्येक उत्तराला साठ शब्दांची मर्यादा ठेवावी आणि ती सर्वांना सारखीच लावावी. जो उमेदवार आधी सदस्य किंवा सरपंच होता, त्याच्या बाबतीत एक रकाना जास्त ठेवावा: मासिक सभांना हजेरी किती, आणि त्याच्या प्रभागात झालेली कामे कोणती. हजेरी सभेच्या इतिवृत्तात मिळते आणि कामांचा खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचे नाव निवडून पाहता येतो. मिळालेली आकडेवारी छापण्यापूर्वी त्या उमेदवाराला दाखवावी. त्याला काही म्हणायचे असेल तर तेही एका ओळीत द्यावे.

उत्तरे उमेदवाराकडून स्वतः घ्यावीत

उत्तरे ज्याची त्याच्याकडूनच घ्यावीत, हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरीही प्रचाराच्या फलकावर उमेदवार महिलेचे छायाचित्र कोपऱ्यात आणि पतीचे किंवा सासऱ्यांचे हात जोडलेले छायाचित्र मध्यभागी, असे चित्र सर्रास दिसते. आम्ही एका उमेदवार ताईंच्या घरी प्रश्नावली घेऊन गेलो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या त्यांच्या पतींनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि ‘सांगा, मी लिहून देतो’ म्हणाले. आमच्याबरोबर ग्रामसंघाच्या दोन महिला होत्या. त्यांच्यापैकी एक उठून आत गेली आणि चुलीपाशी बसून तिने पाण्याचाच प्रश्न विचारला. ताईंनी पिठाचे हात तसेच ठेवून सांगितले, की वरच्या आळीचा व्हॉल्व्ह गळतो, सोडणारा माणूस तो पूर्ण उघडतच नाही, आणि मोटर चालू होण्याच्या वेळेला वीज जाते म्हणून टाकी अर्धीच भरते. एवढी नेमकी माहिती आम्हाला दुसऱ्या कोणत्याही उमेदवाराकडून मिळाली नाही. ती उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली, त्यांना वाचून दाखवली आणि त्यांची सही घेतली. म्हणून महिला उमेदवारांकडे जाताना नेहमी महिलांनी जावे, वेळ त्यांच्या सोयीची निवडावी, आणि ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांचे बोलणे जसेच्या तसे लिहून घ्यावे. गावात अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा अन्य बोली बोलली जात असेल तर उत्तर त्या बोलीत दिले तरी चालेल, हे आधीच सांगावे.

कोणी माहिती देण्यास नकार दिला तर त्याची जागा रिकामी सोडावी आणि तिथे ‘दिनांक अमुक व अमुक रोजी भेट घेतली, उत्तरे मिळाली नाहीत’ एवढेच लिहावे. इतरांकडून ऐकून ती जागा भरू नये. दोनदा तरी भेट घेतलेली असावी, कारण फवारणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत माणूस खरोखरच घरी सापडत नाही.

मांडणीत बारकावे महत्त्वाचे असतात. उमेदवारांचा क्रम मतपत्रिकेवर असेल तोच ठेवावा, म्हणजे क्रमावरून वाद होत नाही. नाव मतपत्रिकेवर छापलेलेच द्यावे, पण गावात माणूस ‘अण्णा’, ‘बापू’ किंवा ‘नानी’ याच नावाने ओळखला जात असेल तर तेही कंसात द्यावे. कागदोपत्री नाव ऐकून ‘हे कोण?’ असे त्याच आळीतल्या माणसाने विचारल्याचे आम्ही ऐकले आहे. चिन्ह स्पष्ट आणि सर्वांचे सारख्या आकाराचे छापावे. छायाचित्रे उमेदवारांकडून मागवू नयेत, कारण एकाचे स्टुडिओतले आणि दुसऱ्याचे शिधापत्रिकेसाठी काढलेले असा फरक पडतो. सर्वांना एकाच पांढऱ्या भिंतीसमोर उभे करून एकाच मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि प्रतींची संख्या छापावी. छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक उमेदवाराला त्याचा मजकूर दाखवून सही घ्यावी. चिन्हातली चूक छापल्यानंतर लक्षात आली तर ती हाताने दुरुस्त करत बसू नये, पूर्ण गठ्ठा बाजूला ठेवून नव्याने छापावे.

परिचयसभा

सभेसाठी पोलीस ठाणे आणि निवडणूक यंत्रणा यांची परवानगी घ्यावी आणि ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद होईल असे पाहावे. ग्रामपंचायत कार्यालय आणि मंदिर किंवा मशिदीचे आवार या जागा टाळाव्यात. एकच मोठी सभा घेण्यापेक्षा प्रभागनिहाय छोट्या सभा घ्याव्यात असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. मोठ्या सभेत पॅनेलचे कार्यकर्ते पुढे बसतात, टाळ्या आणि घोषणा सुरू होतात आणि वाडीवस्तीवरून आलेला माणूस मागे उभा राहून परत जातो. प्रभागाच्या सभेत सत्तर-ऐंशी माणसे असतात, उमेदवार समोर बाकावर बसलेले असतात, आणि ज्याला विचारायचे आहे तो विचारू शकतो. महिलांसाठी दुपारी, जेवणे उरकल्यावर आणि धारा काढण्याच्या आधी, वेगळी बैठक ठेवावी.

सूत्रसंचालन दुसऱ्या गावच्या माणसाकडे द्यावे. निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका मिळाल्यास उत्तम. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर ठरवावा. प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत, अडीच मिनिटांनी एक घंटा आणि तीन मिनिटांनी दुसरी घंटा वाजवावी, आणि दुसऱ्या घंटेनंतर माइक खरोखर बंद करावा. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, लिहिता न येणाऱ्यांना लिहून द्यावेत, आणि एकच प्रश्न सर्व उमेदवारांना विचारावा. एकमेकांवर आरोप करणारी चिठ्ठी वाचू नये, मात्र त्या चिठ्ठीत कामाचा मुद्दा असेल तर तो तेवढाच वेगळा काढून विचारावा. चहापाणी, फेटे, हारतुरे काहीही ठेवू नये. पिण्याचे पाणी पुरे.

वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी प्रत्येक उमेदवाराच्या आवाजात एक मिनिटाची ध्वनिफीत मोबाइलवर करून घ्यावी आणि पत्रकाबरोबर व्हॉट्सअॅपवर पाठवावी. पत्रक पीडीएफ स्वरूपातच पाठवावे, प्रत्येक पानावर तारीख असावी; नुसती छायाचित्रे पाठवली तर एखाद्याचा मजकूर कापून पुढे पाठवणे सोपे जाते. पुण्या-मुंबईला कामाला असलेले, मतदानापुरते गावी येणारे मतदार बहुतेक वेळा हेच पत्रक प्रवासात वाचतात. जाहीर प्रचार संपण्याची वेळ आली की गटांवर काहीही पाठवणे थांबवावे आणि चौकात लावलेल्या प्रती उतरवून घ्याव्यात.

निवडणूक बिनविरोध होणार असेल तर परिचयाची गरज संपते, असे समजू नये. सर्वांच्या संमतीने योग्य माणूस निवडला जाणे वेगळे आणि चार जणांनी बंद खोलीत ठरवणे वेगळे. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांसाठी बोली लावल्याचे प्रकार समोर आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक प्रक्रिया रद्द केली होती. बिनविरोध निवडले जाणाऱ्यांनीही त्याच सहा प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत असा आग्रह धरावा, कारण त्यांच्याबाबत तर मतदाराला बटण दाबण्याचीही संधी मिळालेली नसते.

निकालानंतर निवडून आलेल्या आणि पराभूत झालेल्या सर्व उमेदवारांच्या सहीच्या प्रश्नावल्या एका फाइलमध्ये लावून वाचनालयात ठेवाव्यात आणि मागेल त्याला तिथेच वाचू द्याव्यात. आमच्याकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एका आजींनी ती फाइल मागवून घेतली, नातीकडून वरच्या आळीच्या पाण्याचे उत्तर मोठ्याने वाचून घेतले आणि मग सरपंचांना विचारले, की व्हॉल्व्ह कधी बदलणार. तो मुद्दा त्याच सभेच्या इतिवृत्तात तारखेसह लिहून घेतला गेला.